धाव ते टायर : जबलपूरच्या पाटनपासून लडाखच्या बर्फापर्यंत

मराठी वाचकाला ‘पाटण’ म्हटले की कोयनेकाठचे, सातारा जिल्ह्यातले पाटण आठवते. जबलपूर जिल्ह्यातील पाटन निराळे. नर्मदेच्या खोऱ्यातील काळ्याभोर मातीचे हे तहसिलीचे गाव. १८१७ पर्यंत जबलपूरचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता, त्यामुळे मराठी इतिहासालाही तो अगदीच परका नाही. या भागातील पारंपरिक शेतीला ‘हवेली’ पद्धत म्हणतात. शेताभोवती उंच बांध घालायचे, पावसाळाभर पाणी शेतातच साठवून ठेवायचे आणि पावसाळा सरल्यावर ते सोडून देऊन ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. या पद्धतीत चार महिने सारा शिवार चिखलाचा होतो. अशा प्रदेशात गाडीच्या चाकाची रुंदी किती असावी, हा प्रश्न हौसेचा नव्हता. त्यावर धान्य बाजारात पोहोचणे अवलंबून होते.

आज हाच प्रश्न निराळ्या वेषात पुढे येतो. झोकदार गाडी घेतलेला तरुण डिसेंबरात मनालीच्या पलीकडे निघतो आणि १७ किंवा १८ इंची चाके, रुंद टायर यांवर समाधानी असतो. चाक जितके मोठे आणि टायर जितका रुंद, तितकी पकड अधिक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बर्फावर ती बहुतांशी चुकीची ठरते. ती का चुकते, हे समजून घेण्यासाठी पाटनच्या बैलगाडीपासून आरंभ करणे सोयीचे आहे.

लोखंडाची धाव

जुन्या बैलगाडीचे चाक म्हणजे तुंबा, आरे आणि त्यांना वेढणारे लाकडी पुठ्ठे. या पुठ्ठ्यांवर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवतात, चाकावर ठोकून बसवतात आणि लगेच पाणी ओततात. तापमान सुमारे ६०० अंशांनी वाढले की लोखंडाची लांबी साधारण ०.७ टक्क्याने वाढते. १.२ मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ३.७७ मीटर असतो, म्हणजे धाव तापल्यावर जवळजवळ २.७ सेंटिमीटरने लांब होते. थंड होताना ती आकुंचन पावते आणि तुंबा, आरे व पुठ्ठे यांना करकचून आवळते. उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा इतका नेमका वापर लोहार आणि सुतार कोणत्याही पुस्तकाविना करीत होते.

ही धाव फार तर तीन बोटे रुंद. सगळा भार एवढ्याशा पट्टीवर आल्याने चाक वरचा मऊ थर कापून खाली जाते आणि खाली घट्ट थर असेल तर त्यावर टेकते. चिखल उथळ असेल तर ही युक्ती उत्तम चालते. चाके पुन्हापुन्हा त्याच रेषेत गेल्याने जी वाट कोरली जाते ती ‘चाकोरी’. आज आपण हा शब्द जगण्याच्या ठरीव रीतीसाठी वापरतो, पण मुळात तो चाकांच्या खुणांचा आहे. चिखल खोल असेल तर मात्र अरुंद चाक तुंब्यापर्यंत रुतते. म्हणूनच ऐन पावसात काळ्या मातीच्या मुलखात गाड्या उभ्याच राहत.

मऊ भूमीवर चाकापुढे दोनच मार्ग असतात. एक, वरचा थर कापून घट्ट तळ गाठणे. दुसरा, रुंद होऊन वरच्यावर तरंगणे. कोणता मार्ग योग्य, हे मऊ थराच्या खोलीवर ठरते. हिमप्रदेशातील टायरचा सारा इतिहास या दोन पर्यायांभोवती फिरतो.

१९०४ : तोफगाडा आणि साखळी

१९०४ मध्ये जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजेच गन कॅरेज फॅक्टरी, उभा राहिला. तोफेचे सामर्थ्य नुसत्या नळीत नसते. ती वेळेवर योग्य जागी नेणारे चाक नसेल तर तोफ हे ओझेच ठरते. पानिपतापासून अनेक लढायांनी हा धडा दिला होता. त्या काळातील तोफगाड्यांची चाके लाकडी आणि लोखंडी धावेचीच होती. बैलगाडी आणि तोफगाडा यांचे तंत्र एकाच कुळातले होते.

योगायोग असा की त्याच १९०४ साली, ऑगस्ट महिन्यात, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांना टायरवर चढवायच्या साखळीचे पेटंट मिळाले. चिखलात आणि बर्फात अडकलेले मोटारचालक चाकांभोवती दोरखंड व वेली गुंडाळतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचल्याचे सांगतात. भारतीय हिमालयात आजही बर्फावरचा सर्वांत रुळलेला उपाय हीच साखळी आहे. मऊ रबराला जे जमत नाही ते कठीण लोखंड बर्फात रुतून करते. तिचे मोल मात्र मोजावे लागते. वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो आणि बर्फ संपताच ती उतरवावी लागते, नाहीतर रस्ता आणि टायर दोन्ही खराब होतात.

हवेवर टेकलेली गाडी

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. ते विस्मृतीत गेले आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने मांडली. पुढे पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या मधल्या काळात तोफगाड्यांनाही रबरी टायर आले. बैलगाडीलाही ते आले, कारण शेतात उपयोगी पडणारी अरुंद धाव खडीच्या पक्क्या रस्त्याचे तुकडे करीत होती.

हवेच्या टायरने एक मूलभूत बदल केला. गाडीचा भार मुख्यतः आतील हवेचा दाब पेलतो. त्यामुळे टायर भूमीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो ते क्षेत्र साधारणपणे भार भागिले दाब इतके असते. एका चाकावर ३५० किलोग्रॅम भार आणि टायरमध्ये २.२ बार दाब असेल तर हे क्षेत्र सुमारे १५६ चौरस सेंटिमीटर भरते. तळहाताहून थोडे मोठे. टायर रुंद केला तरी हे क्षेत्र फारसे वाढत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड असतो, अरुंद टायरचा उभा आणि लांब. ‘रुंद टायर म्हणजे जमिनीला अधिक स्पर्श’ ही समजूत येथेच कोसळते. कोरड्या डांबरावर वेगाने वळताना आडवा ठसा लाभदायक ठरतो. बर्फावर गणित उलटते.

जबलपूरचे ट्रक, लडाखचे रस्ते

१९५८-५९ च्या सुमारास जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यात जर्मन ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी चीनशी युद्ध झाले. हिमालयातील रस्ता आणि त्यावरून जाणारा ट्रक हे सैन्याच्या अन्नाचे, इंधनाचे आणि दारूगोळ्याचे महत्त्वाचे साधन आहे, हे त्या युद्धाने कठोरपणे दाखवून दिले. १९६९ मध्ये जबलपुरात स्वतंत्र वाहन कारखाना, म्हणजेच व्हेइकल फॅक्टरी, सुरू झाला. तेथे शक्तिमानसोबत निस्सान कंपनीच्या रचनेवर आधारलेली ‘जोंगा’ बनू लागली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’ या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले. जोंगाचे उत्पादन १९९९ पर्यंत चालले. सैन्याने लिलावात काढलेल्या जोंगा आज हौशी लोक मोठ्या प्रेमाने बाळगतात.

त्याच १९६९ साली हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी मनाली येथे संरक्षण संशोधन संस्थेची ‘सासे’ ही प्रयोगशाळा सुरू झाली. २०२० मध्ये ती चंडीगडच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संस्थेत विलीन झाली.

जबलपुरात बनलेल्या ट्रकपुढे जी अडचण होती ती जर्मनी किंवा फिनलंडमधील ट्रकपुढे नव्हती. मे महिन्यात जबलपूरचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तर जानेवारीत द्रासचे तापमान उणे वीसच्या खाली उतरते. एकाच देशातील एकाच वाहनाने साठ अंशांहून अधिक तफावतीत चालायचे असते. लोखंडाच्या धावेला याने काही फरक पडला नसता. रबराला पडतो.

रबर आणि काच

रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. तापमान पुरेसे असते तेव्हा या साखळ्या सतत वळवळत असतात, म्हणून रबर मऊ आणि लवचीक राहते. तापमान उतरत गेले की ही वळवळ मंदावते आणि एका टप्प्यानंतर रबर काचेसारखे कडक होते. टायरची पकड या वळवळीवरच अवलंबून असते. रस्त्याच्या बारीक उंचवट्यांवरून जाताना रबर दबते आणि पुन्हा उसळते, त्यात ऊर्जा खर्ची पडते आणि तोच घर्षणाचा मोठा वाटा असतो. के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये प्रयोगांनी दाखवले की रबराचे घर्षण वेग आणि तापमान यांच्यावर एका ठरावीक संबंधाने अवलंबून असते. शाळेत शिकवला जाणारा ‘घर्षण फक्त भारावर अवलंबून’ हा नियम रबराला लागू पडत नाही.

उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या डांबरावर झिजू नये म्हणून कठीण ठेवलेले असते. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली त्याची पकड घसरू लागते. हिवाळी टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे मिश्रण असे योजतात की ते उणे तापमानातही मऊ राहते. मात्र तेच रबर जबलपूरच्या उन्हात भराभर झिजते आणि गरम रस्त्यावर ब्रेक लावल्यास गाडी थांबायला अधिक अंतर घेते. एकच रबर दोन्हीकडे उत्तम असू शकत नाही. ही निर्मात्याची हयगय नव्हे, पदार्थाचा स्वभाव आहे.

हिवाळी टायरचा जन्म फिनलंडमधला. १९३४ मध्ये तेथील रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियन कंपनीच्या पूर्वजाने, ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर बनवला आणि १९३६ मध्ये मोटारीसाठी ‘लुमी-हाक्कापेलीत्ता’ आणला. आरंभी सारा भर आडव्या, खोल खाचांवर होता. या खाचांत बर्फ दाबून भरतो आणि बर्फ बर्फाला धरून ठेवतो. नंतर टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा आल्या. त्यांच्या असंख्य कडा बर्फाला खरवडतात. १९९९ पासून प्रमाणित हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण असे चिन्ह येऊ लागले. टायरवर नुसती ‘एम+एस’ ही अक्षरे असतील तर तेवढ्यावरून बर्फातील चाचणीची खात्री मिळत नाही. हे चिन्ह पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

बर्फ निसरडा का असतो?

मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्ये सुचवले की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूखालीही पाण्यासारखा पातळ थर असतो. १८८६ मध्ये जॉन जोली यांनी स्केटिंगचे स्पष्टीकरण दाबाने दिले : दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. हे तत्त्व खरे आहे, पण आकडे पुरत नाहीत. एक बार दाबाने वितळणबिंदू जेमतेम ०.००७४ अंशाने उतरतो. टायरच्या २.२ बार दाबाने तो ०.०१६ अंशानेच खाली येईल. द्रासच्या थंडीत याचा काय पाड! १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाच्या उष्णतेने वितळणाऱ्या थराकडे लक्ष वेधले. २०२५ मध्ये जर्मनीतील सारलँड विद्यापीठातील मार्टिन म्यूझर आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे आणखी एक मुद्दा मांडला. स्पर्श करणाऱ्या पदार्थाच्या रेणूंतील विद्युत् द्विध्रुव बर्फाच्या नीटस रचनेला विस्कळीत करतात आणि अतिशय कमी तापमानातही पृष्ठभागावर अव्यवस्थित थर तयार होतो. पावणेदोनशे वर्षांनंतरही हा विषय संपलेला नाही.

वाहनचालकाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निघते. शून्य अंशाच्या आसपासचा, ओलसर चकाकणारा बर्फ उणे वीस अंशांच्या बर्फाहून अधिक घातक असतो, कारण त्यावरील थर अधिक जाड आणि अधिक पातळ द्रवासारखा असतो. दुपारच्या उन्हात वितळून संध्याकाळी पुन्हा गोठू लागलेला रस्ता म्हणूनच सर्वांत फसवा.

मोठी चाके की लहान?

आता झोकदार गाडीच्या चाकांकडे वळता येईल. समजा, गाडीवर २२५/४५ आर १७ मापाचे टायर आहेत. २२५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर होतो. याच गाडीला २०५/५५ आर १६ बसवले तर व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर येतो. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे वेगदर्शक काटा आणि चाकांच्या वेगावर चालणाऱ्या सुरक्षा यंत्रणा बिघडत नाहीत. थंड देशांत हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घेण्याची रीत यावरच उभी आहे.

याचे फायदे तीन. अरुंद टायर पुढ्यातला भुसभुशीत बर्फ कमी ढकलतो, आणि त्याचा लांब ठसा पुढच्या ठोकळ्यांनी दाबलेल्या बर्फावर मागचे ठोकळे रोवतो. टायरची भिंत सुमारे १०१ वरून ११३ मिलिमीटर होते, त्यामुळे बर्फाखाली दडलेल्या दगड-खड्ड्यांपासून रिम वाचते. शिवाय लहान मापाचे टायर सहसा स्वस्त पडतात. मर्यादा एकच, पण कडक : रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी फिरली पाहिजे. वेगवान गाड्यांचे ब्रेक मोठे असतात. म्हणून निर्मात्याने मान्य केलेल्या मापांच्या यादीबाहेर जाणे धोक्याचे.

यालाही अपवाद आहे. आइसलँडमध्ये हिमनद्यांवरून जाणाऱ्या गाड्या अतिशय रुंद टायर कमी दाबाने वापरतात, कारण तेथे बर्फाची खोली इतकी असते की तळ गाठण्याचा प्रश्नच नसतो. तेथे तरंगायचे असते. पाटनच्या खोल चिखलाचा आणि उथळ चिखलाचा भेद तोच. निव्वळ काचेसारख्या बर्फावर मात्र रुंदीपेक्षा रबर आणि चिरा अधिक निर्णायक ठरतात.

दाबाचे गणितही रोचक आहे. जबलपुरात ३० अंशांना ३२ पीएसआय, म्हणजे २.२ बार, हवा भरून निघालेली गाडी लेहला उणे १५ अंशांत पोहोचली, असे मानू. थंडीने आतील हवेचा निरपेक्ष दाब सुमारे ३.१७ वरून २.७ बारवर येतो. पण लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर असल्याने बाहेरील हवेचा दाबही ०.६५ बारच्या आसपास असतो. दोहोंचा फरक, म्हणजे मापकावर दिसणारा दाब, २.०५ बार भरतो, सुमारे ३० पीएसआय. थंडी जे हिरावते त्यातील मोठा भाग उंची परत करते. थंड, सखल प्रदेशात ही भरपाई मिळत नाही.

थांबण्याचे अंतर

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात बंद पडणारे लाहौल खोरे मैदानी पर्यटकांना खुले झाले. बर्फवृष्टीनंतर प्रशासन अनेकदा फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडते. पण चारही चाकांना इंजिनचे बळ मिळाल्याने गाडी निघते लवकर. थांबत लवकर नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच, आणि थांबण्याचे अंतर केवळ वेग आणि घर्षण ठरवतात.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.८ धरल्यास, सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर हिवाळी टायरचा घर्षणांक ढोबळमानाने ०.३ धरला तर अंतर ३३ मीटर होते, आणि उन्हाळी टायरचा निम्मा धरला तर ६६. गुळगुळीत बर्फावर, घर्षणांक ०.१ असताना, ते ९८ मीटरवर जाते. वेग ताशी ३० वर आणला तर हेच ३५ मीटर होते. अंतर वेगाच्या वर्गाने घटते. दरीच्या कडेला वळण कापताना टायर, साखळी आणि चारही चाकांचे बळ यांहून मोठी मदत या वर्गाचीच होते.

हिवाळी टायर लावायचे तर चारही चाकांना, हा नियमही याच भौतिकीतून येतो. फक्त पुढच्या चाकांना पकड मिळाली तर उतारावर ब्रेक लावताच मागची चाके बाजूला सरकतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

जबलपूरचे दोन्ही कारखाने आजही चालू आहेत. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाली, तेव्हा ते दोन वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. तोफगाडा कारखान्यात आता ‘धनुष’ तोफ तयार होते आणि तिचा गाडा रबरी टायरवर फिरतो. पाटनच्या शेतांतही ट्रॅक्टर आले आहेत. वाफसा येण्याआधी मऊ रानात उतरावे लागले तर शेतकरी टायरची हवा थोडी कमी करतात किंवा चाकांना लोखंडी पिंजरे लावतात. कापायचे की तरंगायचे, हे त्यांना समोरची माती पाहून ठरवावे लागते. बर्फाकडे निघालेल्या गाडीवानालाही तेवढेच करायचे आहे : आधी समोरची भूमी पाहायची, मग चाक निवडायचे.